समुद्रसपाटी : तिचे मापन आणि तिच्यातील बदल

बीदर तालुक्यातील कोळार हे गाव दख्खनच्या पठारावर वसलेले आहे. येथून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्रकिनारा तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर राहतो. या भागातील पुष्कळ ग्रामस्थांनी समुद्र पाहिला असेल तो मुंबईला रोजगारासाठी गेल्यावरच. तथापि समुद्राशी आपला काही संबंध नाही, असे येथील रहिवाशाने मानल्यास ती चूक ठरेल. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली एक आकडा लिहिलेला असतो. तो त्या स्थानकाची समुद्रसपाटीपासूनची उंची दर्शवितो. धरणाची पूर्ण संचय पातळी, कालव्याचा तळ, पुलाची उंची, पूररेषा या सर्वांची नोंद त्याच समुद्रसपाटीपासून मोजून केली जाते. कारंजा धरणाचे पाणी किती मीटरांवर पोहोचले याची बातमी शेतकरी वाचतो, तेव्हा त्या मोजपट्टीचा खालचा टोक दूरच्या समुद्रात टेकलेला असतो.

ज्या शून्यापासून साऱ्या देशाची उंची मोजली जाते, तो शून्यच हळूहळू सरकू लागला तर काय होईल? समुद्राची पातळी वाढत आहे, असे वृत्तपत्रांत वारंवार येते. समुद्र तर क्षणोक्षणी हलत असतो. मग त्यात वर्षाला काही मिलिमीटरांचा फरक पडला, हे शास्त्रज्ञांना कसे कळते? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीदरची आधाररेषा

मापनाच्या या इतिहासात बीदर परिसराचे नाव आरंभापासूनच आहे. विल्यम लॅम्टन या सर्वेक्षकाने १८०२ साली मद्रास येथे एक आधाररेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजून दक्षिण भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. जमिनीवरील एका रेषेची लांबी साखळीने मोजावयाची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यावयाचे आणि गणिताने पुढील अंतरे काढावयाची, अशी ही पद्धत होती. त्रिकोणास त्रिकोण जोडीत हे काम उत्तरेकडे सरकत गेले. एका मापातील लहानशी चूक पुढील सर्व त्रिकोणांत शिरते, म्हणून काही अंतरावर नवी आधाररेषा मोजून आधीचे गणित पडताळून पाहणे आवश्यक असते. अशी एक आधाररेषा १८१५ साली बीदरजवळ दामरगिड्डा या सर्वेक्षण स्थानाच्या परिसरात मोजण्यात आली. लॅम्टनचे १८२३ साली हिंगणघाट येथे निधन झाले. त्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या कारकिर्दीत, १८४१ साली, बीदरची रेषा अधिक अचूक उपकरणांनी पुन्हा मोजली गेली.

एकदा मोजलेली रेषा सव्वीस वर्षांनी पुन्हा कशासाठी मोजली, असा प्रश्न कोणी विचारील. मापनशास्त्राचा हा पहिला धडा होय. मोजमाप कितीही काळजीपूर्वक केलेले असो, ते दुसऱ्या मार्गाने पडताळून पाहिल्यावाचून विश्वसनीय ठरत नाही. समुद्राच्या बाबतीतही हेच तत्त्व पुढे उपयोगी पडले.

सपाटी म्हणजे सरासरी

‘समुद्रसपाटी’ या शब्दामुळे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. समुद्र कधीही सपाट नसतो. वाऱ्याने लाटा उठतात. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे भरती-ओहोटी होते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असते. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या दिवशी भरतीच्या व ओहोटीच्या पाण्यात कित्येक मीटरांचा फरक पडतो. वातदाब एक मिलिबारने उतरला की समुद्राचे पाणी सुमारे एक सेंटीमीटर वर चढते. वादळ आले तर वाराही पाणी किनाऱ्याकडे लोटतो. ऋतूंनुसार प्रवाह बदलतात, तेव्हाही पातळी बदलते.

या सर्व हालचालींची सरासरी काढल्यावर जी पातळी मिळते, तिला सरासरी समुद्रसपाटी असे म्हणतात. ही सरासरी एका दिवसाची किंवा एका महिन्याची असून चालत नाही. चंद्राच्या कक्षेचा कल बदलण्याचे एक चक्र सुमारे १८.६ वर्षांचे असते. त्यामुळे सरासरीसाठी सामान्यतः १९ वर्षांच्या नोंदी घेणे योग्य मानले जाते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पावसाळ्यात मुंबईस ‘साडेचार मीटरांची भरती’ येणार असे वृत्त प्रसिद्ध होते. तो आकडा सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेला नसतो. जहाजांच्या सोयीसाठी नकाशावर नीचतम ओहोटीच्या जवळपासची एक पातळी शून्य मानलेली असते. मुंबईत ती सरासरी सपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. म्हणजे साडेचार मीटरांची भरती ही सरासरी सपाटीच्या सुमारे दोन मीटर वर असते. कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या शून्यापासून मोजला आहे, हे प्रथम विचारावे.

भरतीमापक यंत्र

लाटांनी हेलकावणाऱ्या पाण्याची उंची मोजण्याची जुनी युक्ती अत्यंत साधी आहे. बंदराच्या धक्क्यालगत पाण्यात एक उभी विहीर किंवा रुंद नळ बसवितात. त्याच्या तळाशी एक लहान छिद्र असते. बाहेर लाट उसळली तरी छिद्रातून तेवढ्या वेळात फारसे पाणी आत येऊ शकत नाही, म्हणून आतील पाणी शांत राहते. भरती मात्र कित्येक तास चढत असल्याने छिद्रातून पुरेसे पाणी आत येते व आतील पातळी बाहेरच्या पातळीबरोबर वर जाते. अशा रीतीने लाट गाळली जाते आणि भरती शिल्लक राहते. विहिरीत एक तरंगी असते. तिची तार कप्पीवरून जाऊन एका लेखणीस जोडलेली असते आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या दंडगोलावरील कागदावर ती लेखणी पाण्याचा चढउतार रेखाटीत राहते. अलीकडे पाण्यावर वरून रडार लहरी सोडून अंतर मोजणारी यंत्रे बसविण्यात आली आहेत. ती काही मिनिटांच्या अंतराने आपली नोंद उपग्रहामार्फत दूरच्या केंद्राकडे पाठवितात.

यंत्राइतकेच महत्त्व त्याच्या जवळ पक्क्या जमिनीवर कोरलेल्या खुणेस असते. तिला तलचिन्ह म्हणतात. यंत्राचा शून्य या तलचिन्हापासून किती खाली आहे, हे वेळोवेळी मोजून पाहतात. धक्का खचला, यंत्र बदलले किंवा नळ दुरुस्त केला, तरी तलचिन्ह शाबूत असेल तर जुन्या व नव्या नोंदी परस्परांशी जोडता येतात. तलचिन्ह हरवले तर शंभर वर्षांची नोंदवही मध्येच फाटल्यासारखी होते.

भारतात स्वयंनोंदी भरतीमापक यंत्रांचा पद्धतशीर उपयोग कच्छच्या आखातात सुरू झाला. कच्छच्या रणाची जमीन समुद्राच्या तुलनेने वर येत आहे की खाली जात आहे, हे जाणून घेण्यासाठी सर्वेक्षण विभागातील बेअर्ड या अधिकाऱ्याने १८७४-७५ च्या सुमारास तेथे निरीक्षणे केली. या शंकेला कारणही होते. १८१९ च्या भूकंपात कच्छमध्ये जमिनीचा एक लांबलचक पट्टा उचलला जाऊन ‘अल्लाबंद’ निर्माण झाला होता आणि सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला होता. पुढे देशातील इतर बंदरांतही यंत्रे बसविण्यात आली. मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. आशिया खंडातील सर्वांत दीर्घ नोंदींमध्ये त्यांची गणना होते. १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्या वेळी हजारो किलोमीटरांवरील मद्रास व पोर्ट ब्लेअर येथील यंत्रांच्या कागदावर त्या लाटांच्या रेषा उमटल्या. कोणीही त्या लाटांची वाट पाहत बसलेले नव्हते. रोजची नोंद चालू होती, म्हणूनच त्या सापडल्या.

भारताचे शून्य

देशभरच्या उंचीसाठी एकच आधार असावा, म्हणून १८५८ पासून सर्वेक्षण विभागाने देशात समतलनाच्या रेषा नेल्या. गवंडी पाणसळ लावून भिंतीची पातळी पाहतो, त्याच तत्त्वावर दुर्बिणीच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने हे काम झाले. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम व फॉल्स पॉइंट या नऊ स्थानकांवरील सरासरी समुद्रपातळी शून्य मानून १९०९ साली साऱ्या जाळ्याचे गणित जुळविण्यात आले. स्थानकांच्या पाट्या, धरणांचे नकाशे व रस्त्यांचे आराखडे यांतील उंचीचा आधार या गणितात आहे.

परंतु या गणितात एक गृहीत होते. नऊही बंदरांवरील सरासरी पाणी एकाच पातळीवर आहे, असे त्यात मानले होते. वस्तुतः तसे नाही. बंगालच्या उपसागराच्या काठचे पाणी अरबी समुद्राच्या काठच्या पाण्यापेक्षा सुमारे ३० सेंटीमीटर उंच राहते. असे का व्हावे? गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००१ साली याचे कारण पाण्याच्या खारटपणातील फरकात दाखविले. पूर्वेकडील समुद्रात पाऊस विपुल पडतो आणि गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा यांसारख्या मोठ्या नद्या गोडे पाणी आणून सोडतात. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. तेवढ्याच वजनाच्या पाण्यास अधिक जागा लागते, म्हणून पृष्ठभाग किंचित वर राहतो.

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा नदी बीदर जिल्ह्यातून वाहत जाऊन गोदावरीस मिळते. कलबुर्गी जिल्ह्यातून जाणारी भीमा कृष्णेस मिळते. दोहोंचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरातच जाते. कोळारच्या शिवारावर पडलेल्या पावसाचा जो अंश ओढ्यानाल्यांतून मांजरेत पोहोचतो, त्याचाही त्या पूर्व समुद्राच्या उंचीत अत्यल्प का होईना वाटा आहे. पठार आणि समुद्र यांचे नाते केवळ नकाशावरील आकड्याचे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

पाणी चढले की जमीन खचली?

भरतीमापक यंत्र जमिनीवर उभे असते. म्हणून ते पाण्याची उंची जमिनीच्या तुलनेने सांगते. विहिरीच्या कठड्यापासून दोर सोडून पाणी मोजले आणि पूर्वीपेक्षा दोर कमी लागला, तर त्याचे दोन अर्थ संभवतात : पाणी वर आले असेल किंवा कठडा खाली बसला असेल. केवळ दोरावरून यांतील खरे कोणते, हे सांगता येत नाही.

हा प्रश्न काल्पनिक नाही. हुगळीच्या मुखाजवळील डायमंड हार्बर येथील यंत्राने समुद्राची वाढ मुंबईच्या कित्येक पटींनी अधिक दाखविली आहे. तेथील गाळाची त्रिभुज भूमी स्वतःच दबत आहे, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. याच्या उलट स्वीडनमधील स्टॉकहोम येथे १७७४ पासून नोंदी आहेत आणि तेथे समुद्र उतरत गेल्याचे दिसते. हिमयुगात त्या भूमीवर साचलेल्या प्रचंड बर्फाचा भार नाहीसा झाल्यावर दबलेली जमीन अद्याप वर येत आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरची जमीन काही क्षणांत सुमारे एक मीटर खाली गेली. तेथील किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला समुद्र एक मीटर चढल्याचे दिसले असेल. प्रत्यक्षात समुद्राची सरासरी पातळी तेथे तशी वाढली नव्हती.

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाणी चढो वा जमीन खचो, घरात पाणी शिरावयाचे ते शिरतेच. परंतु उपाययोजना करणाऱ्याला कारण माहीत असावे लागते. म्हणून जमिनीवर अवलंबून नसलेल्या दुसऱ्या साक्षीदाराची आवश्यकता होती.

आकाशातून मोजमाप

हा दुसरा साक्षीदार म्हणजे उंचीमापक उपग्रह होय. १० ऑगस्ट १९९२ रोजी अमेरिका व फ्रान्स यांनी मिळून टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह सोडला. तो सुमारे १,३३६ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरे आणि सुमारे दहा दिवसांनी पुन्हा त्याच मार्गावर येई. त्याचे काम पुढे जेसन नावाच्या तीन उपग्रहांनी २००१, २००८ व २०१६ पासून आणि सेंटिनेल-६ या उपग्रहाने २०२० पासून चालविले. भारतीय अवकाश संशोधन संस्था व फ्रान्सची अवकाश संस्था यांनी संयुक्तपणे तयार केलेला ‘सरल’ हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला.

या मापनाचे तत्त्व डोंगरात दिलेल्या हाकेसारखे आहे. समोरच्या कड्यावर आदळून हाक परत येण्यास जितका वेळ लागतो, त्यावरून कड्याचे अंतर काढता येते. उपग्रह रेडिओ लहरींचे स्पंद खाली सोडतो. ते समुद्राच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन वर येतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असतो. जाण्यायेण्याचा वेळ मोजला की उपग्रह व समुद्र यांमधील अंतर समजते. पृथ्वीच्या मध्याशी निगडित अशा आधारपृष्ठापासून उपग्रह किती उंचीवर आहे, हे लेसर किरण व रेडिओ संकेतांच्या साहाय्याने निराळे ठरविलेले असते. पहिल्या उंचीतून दुसरे अंतर वजा केले की समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मिळते. या गणितात बंदराचा धक्का, नदीमुखाची भूमी किंवा भूकंप यांचा संबंध येत नाही.

तत्त्व सोपे असले तरी ते आचरणात आणणे अवघड आहे. १,३३६ किलोमीटर खाली जाऊन परत येण्यास लहरीला एका सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. एक सेंटीमीटर उंचीचा फरक ओळखावयाचा असेल, तर सेकंदाच्या सुमारे पंधरा अब्जाव्या भागाइतका काळ मोजता आला पाहिजे. शिवाय हवेमुळे लहरींचा वेग किंचित मंदावतो. कोरड्या हवेमुळेच अंतर दोन मीटरांहून अधिक वाढल्यासारखे दिसते, बाष्पामुळे त्यात आणखी भर पडते आणि वातावरणाच्या अतिउंच थरांतील विद्युतभारित कणांचाही परिणाम होतो. या प्रत्येकासाठी स्वतंत्र दुरुस्ती करावी लागते. एकेका स्पंदातील चूक लहान नसते, परंतु पृथ्वीवरील असंख्य ठिकाणांची व अनेक दिवसांची मापे एकत्र घेतल्यावर सरासरीतील चूक पुष्कळच कमी होते.

दोन साक्षीदारांची गाठ

उपग्रह आल्यावर किनाऱ्यावरील जुन्या यंत्रांची गरज संपली, असे कोणास वाटेल. तसे झालेले नाही. उपग्रहाचा स्पंद समुद्रावर पडतो तेव्हा काही किलोमीटर रुंदीचा भाग व्यापतो. किनाऱ्याजवळ त्या वर्तुळात जमीन येते आणि प्रतिध्वनी गढूळ होतो. ‘सरल’मध्ये अधिक आखूड लहरी वापरल्याने किनाऱ्याजवळचे मापन सुधारले, तरी अडचण पूर्णपणे दूर झाली नाही. उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दहा किंवा पस्तीस दिवसांनी जातो, तर भरतीमापक यंत्र रात्रंदिवस तेथेच असते. उपग्रहांच्या अखंड नोंदी १९९२ च्या पुढच्या आहेत, तर मुंबईच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत.

आणखी एक कारण आहे. उपग्रहातील घड्याळ व उपकरणे कालांतराने किंचित बिघडू शकतात. ती बरोबर चालली आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी जगातील भरतीमापक यंत्रांच्या नोंदींशी त्यांची तुलना करतात. ‘सरल’च्या मापांची पडताळणी लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे करण्यात आली. उलटपक्षी, बंदराची जमीन हलते की काय हे पाहण्यासाठी यंत्राशेजारी उपग्रहांचे संकेत घेणारा स्थाननिश्चितीचा ग्राहक बसवितात. जमिनीवरचा साक्षीदार आकाशातल्याला आणि आकाशातला जमिनीवरच्याला तपासतो. बीदरची आधाररेषा दुसऱ्यांदा मोजणाऱ्या सर्वेक्षकांना ही रीत परकी वाटली नसती.

आकडे काय सांगतात

दोन्ही प्रकारच्या नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनी काढलेले निष्कर्ष हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालात दिलेले आहेत. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटरांनी वाढली. वाढीचा वेग मात्र सारखा राहिला नाही. १९०१ ते १९७१ या काळात तो वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटर होता, १९७१ ते २००६ मध्ये १.९ मिलिमीटर झाला आणि २००६ ते २०१८ मध्ये ३.७ मिलिमीटरांवर गेला. चिंतेची बाब ही वेगवाढ होय.

मुंबईच्या विसाव्या शतकातील नोंदी वर्षाला सरासरी पाऊण ते एक मिलिमीटराच्या आसपास वाढ दाखवितात. ही वाढ सरळ रेषेत नाही. काही दशके पातळी चढलेली, तर काही दशके उतरलेली दिसते. एखाद्याने उताराची वीस वर्षेच पाहिली असती, तर समुद्र मागे हटत आहे असा चुकीचा निष्कर्ष त्याने काढला असता. उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१२ या काळात उपग्रहांनी वर्षाला सुमारे ३.२ मिलिमीटर वाढ नोंदविली. यात नैसर्गिक चढउताराचाही अंश आहे. म्हणूनच दीर्घकाळची, खंड न पडलेली नोंद इतकी मोलाची ठरते.

वाढीची मुख्य कारणे दोन आहेत. पहिले म्हणजे पाणी तापले की प्रसरण पावते. वातावरणात साठलेल्या अधिक उष्णतेचा फार मोठा भाग समुद्रच शोषून घेतो. दुसरे कारण म्हणजे पर्वतांवरील हिमनद्या आणि ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील हिमस्तर वितळून त्यांचे पाणी समुद्रात येते. समुद्रावर आधीच तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही, हे विद्यार्थ्यांनी पेल्यातील बर्फाच्या खड्यावरून पडताळून पाहावे.

मिलिमीटरांचे मोल

तीन-चार मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या लांबीहूनही कमी. एवढ्याने काय बिघडते? ज्या किनाऱ्याचा उतार शंभर मीटरांस एक मीटर आहे, तेथे पाणी दहा सेंटीमीटर वर चढले तर केवळ भूमितीच्या हिशोबाने ते दहा मीटर आत येते. लाटांनी होणारी धूप यात धरलेली नाही.

कोकणातील खारभूमीचे उदाहरण अधिक बोलके आहे. रायगड जिल्ह्यात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून खाडीचे पाणी अडविले व खाऱ्या जमिनीत भात पिकविले. गोव्यात अशा जमिनींना खाजण म्हणतात. बांधातील दरवाजा, ज्याला तेथे मानस म्हणतात, भरतीच्या वेळी बंद होतो आणि ओहोटीच्या वेळी उघडून शेतातील पावसाचे पाणी बाहेर जाऊ देतो. समुद्राची सरासरी पातळी वाढली की ओहोटीचे पाणी पूर्वीइतके खाली जात नाही आणि दरवाजा उघडा राहण्याचा अवधी घटतो. त्यामुळे पावसाचे पाणी शेतात तुंबते. बांधावरून लाट येण्यापूर्वीच शेतकऱ्याचे नुकसान सुरू होते. कालव्याच्या शेवटच्या टोकास निचरा न झाल्याने जमीन चिबड झालेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही अडचण सहज समजेल.

मुंबईसारख्या शहरातही हाच प्रश्न आहे. तेथील पावसाचे पाणी नाल्यांतून समुद्रात जाते आणि भरतीच्या वेळी ते अडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भरतीमुळे निचऱ्यास अडथळा आला. त्या दिवसाचे मुख्य कारण अभूतपूर्व पाऊस हेच होते. परंतु समुद्राची पातळी जसजशी वाढेल, तसतसा अशा दिवशी निचऱ्यासाठी मिळणारा अवधी कमी होत जाईल. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांची माणसे त्या शहरात रोजगार करतात, हे लक्षात घेतले म्हणजे दूरचा हा प्रश्न दूरचा राहत नाही.

समुद्रापासून दूर, समुद्राची नोंद

बीदरहून सर्वांत जवळचे मोठे शहर जे हैदराबाद, तेथे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. समुद्रकिनारा नसलेल्या या शहरात देशाच्या किनाऱ्यावरील व बेटांवरील भरतीमापक यंत्रांच्या नोंदी उपग्रहामार्फत पोहोचतात. २००४ च्या त्सुनामीनंतर येथे उभारलेले पूर्वसूचना केंद्र ऑक्टोबर २००७ पासून कार्यरत आहे. भूकंपानंतर खरोखर लाट निर्माण झाली किंवा नाही, हे यंत्रांच्या नोंदींवरून ठरवून इशारा द्यावयाचा की मागे घ्यावयाचा, याचा निर्णय होतो. दीर्घकाळाचा बदल मोजण्यासाठी उभारलेले साधन अशा रीतीने काही मिनिटांत प्राण वाचविण्यासही उपयोगी पडते.

शाळांसाठी तीन प्रयोग

शिक्षकांनी पुढील प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घ्यावेत. त्यांस खर्च जवळजवळ नाही.

पहिला प्रयोग : पाण्याच्या पिंपात तळाशी बारीक छिद्र असलेली पारदर्शक बाटली उभी धरावी. तिचे तोंड पाण्याबाहेर असावे. पिंपातील पाणी हाताने हलवावे. बाहेर लाटा उठत असता बाटलीतील पाणी शांत राहते. नंतर पिंपात सावकाश पाणी ओतावे. बाटलीतील पातळीही वर येते.

दुसरा प्रयोग : पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी मऊ चिखलाचा थर द्यावा व त्यात खुणा केलेली काठी उभी करावी. काठी किंचित खाली दाबली की पाणी ‘वाढल्याचे’ दिसते. त्याच वेळी वरून टांगलेल्या पट्टीने पाण्याची उंची मोजल्यास ती बदललेली नसते. काठी म्हणजे भरतीमापक यंत्र आणि पट्टी म्हणजे उपग्रह होय.

तिसरा प्रयोग वर्षभराचा आहे. गावातील एका विहिरीच्या पाण्याची खोली दर आठवड्यास ठराविक वारी, ठराविक वेळी, दगडावरील एकाच खुणेपासून मोजून वहीत लिहावी. कठडा दुरुस्त करावयाचा झाल्यास जुनी खूण मोडण्यापूर्वी नवी खूण करून दोहोंतील अंतर लिहून ठेवावे. वर्ग पुढे गेला तरी वही पुढच्या वर्गाकडे द्यावी. पाच-दहा वर्षांनी ही वही गावाच्या पाण्याविषयी पुष्कळ काही सांगेल.

खुणा जपणे

बीदरजवळ नौबाद येथे बहमनी काळातील भुयारी पाणीपुरवठ्याची करेझ ही योजना आहे. जमिनीखाली खोदलेल्या बोगद्यातून पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत जावे, यासाठी त्या काळच्या कारागिरांनी पातळीचा किती सूक्ष्म विचार केला असेल, याची कल्पना करता येते. पातळी मोजण्याची परंपरा या भूमीस नवी नाही.

आजही रस्त्याच्या कडेला, पुलांवर, जुन्या इमारतींच्या पायाशी ‘बी. एम.’ अशी अक्षरे कोरलेली तलचिन्हे आढळतात, तर टेकड्यांच्या माथ्यावर सर्वेक्षणाचे दगड दिसतात. रस्तारुंदीकरणात किंवा बांधकामात त्यांतील कित्येक उखडले जातात. असा दगड निरुपयोगी वाटतो, परंतु त्याच्या उंचीचा हिशोब टप्प्याटप्प्याने समुद्रापर्यंत पोहोचलेला असतो. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील तलचिन्हांची नोंद ठेवावी आणि काम काढण्यापूर्वी ते संबंधित कार्यालयास कळवावे. अपोलो बंदरावर १८७८ पासून नोंद ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांना तिचा उपयोग पुढे कशासाठी होईल हे ठाऊक नव्हते. त्यांनी खूण जपली व नोंद अखंड ठेवली, म्हणून समुद्र किती चढला हे आज सांगता येते. कोळारच्या विहिरीची वही आणि रस्त्याकडेचा दगड यांनाही तीच निष्ठा हवी आहे.